कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी

केंट, ससेक्स, सरे, हॅम्पशायर आणि डॉर्सेट या दक्षिण इंग्लंडच्या परगण्यांत वसंताच्या दिवसांत जाणाऱ्या प्रवाशापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. ज्या मुलखात थोड्या थोड्या अंतरावर एखादे नामांकित उद्यान आहे आणि त्याच उद्यानाच्या भिंतीपलीकडे ओकचे रान, खडूच्या टेकड्या किंवा झुडपी माळही आहे, तेथे आपले मोजके दिवस मनुष्याने रचलेल्या सौंदर्याच्या दर्शनात वेचावेत, की त्या भूमीत मूळच्या असलेल्या पशुपक्ष्यांच्या शोधात? याच प्रश्नावरून माझे स्नेही नाना आणि त्यांची भाची शर्वरी यांच्यात जो वाद झाला, त्याचा मी साक्षीदार होतो. प्रवाशाच्या सोयीगैरसोयीपासून निघालेला तो वाद भूमीशी मनुष्याने कोणत्या नात्याने वागावे या प्रश्नाशी येऊन ठेपला, म्हणून तो येथे विस्ताराने मांडण्याची मला इच्छा आहे.

नानांची उमेदीची सारी वर्षे मेळघाटात वनखात्याच्या नोकरीत खर्च झाली. परवाने, पंचनामे, कूपांची मोजणी आणि वणव्यांचे अहवाल यांच्या दप्तरात उभा जन्म घालवूनही ज्याची रानावरची निष्ठा तसूभर ढळली नाही असा अंमलदार विरळा, आणि नाना तसे आहेत. शर्वरी त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात कृषिशास्त्राचे शिक्षण घेऊन ती ससेक्समधील एका जुन्या वाड्याच्या उद्यानात माळीकामाला लागली आणि तेथेच स्थिरावली. मे महिन्याच्या मध्यास आम्ही दोघे तिच्याकडे उतरलो होतो, आणि सिसिंगहर्स्ट पाहून परतल्यावर संध्याकाळच्या चहाच्या वेळी नानांनी विषयाला तोंड फोडले.

"ते उद्यान सुंदर आहे, यात मला शंका नाही," नाना म्हणाले. "१९३० साली व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकल्सन या दांपत्याने एका पडीक वाड्याचे अवशेष विकत घ्यावेत, त्याने सरळ रेषा आखाव्यात, तिने त्या रेषांच्या आत फुलांना मोकळा हात द्यावा, आणि दोघांच्या या भिन्न स्वभावांतून दालनांमागून दालने असावीत तशी बाग उभी राहावी, हे एखाद्या सुसंवादी संसाराचे फळ आहे. परंतु शर्वरी, तेथे जे काही आहे ते कोणाच्या तरी हुकुमाने आहे. श्वेतपुष्पांच्या त्या वाटिकेत तांबडे फूल उगवले तर ते उपटले जाणार. मी ज्या अरण्यात वावरलो तेथे कोणतेही रोप कोणाची परवानगी मागून उगवत नाही. जनावराचे तर विचारूच नकोस. मला या देशाचे काही पाहायचे असेल तर ते असे, जे मी पाहावे म्हणून येथे ठेवलेले नाही."

शर्वरीने कप खाली ठेवला. "मामा, मेळघाटातला साग कोणाच्या परवानगीने उभा आहे? कोणत्या कूपात कोणत्या वर्षी तोड व्हावी, कोठे रोपवन करावे, बांबू किती वर्षांच्या अंतराने काढावा, हे तुमच्याच खात्याच्या कार्य आयोजनेत लिहिलेले असते. त्या आयोजना तुम्हीच मला लहानपणी दाखवल्या आहेत. तरीही ते रान आहे, आणि तेथे वाघ आहे, हे मी नाकारत नाही. मी इतकेच म्हणते, की या देशाच्या दक्षिण भागात तर मनुष्याचा हात न लागलेली भूमी औषधालाही सापडत नाही, आणि येथले जे वन्य जीवन उरले आहे त्यातले पुष्कळसे त्या हातामुळेच उरले आहे. उद्या आपण न्यू फॉरेस्टला जाणार आहोत ना? ते रान विल्यम राजाने १०७९ साली आपल्या शिकारीसाठी राखीव केले. राजाने शिकार आपली म्हटली, परंतु भोवतालच्या रयतेचे हक्क पुरते बुडाले नाहीत. जनावरे चारण्याचा, जळण नेण्याचा, आणि शरद ऋतूत ओकची फळे गळू लागली की डुकरे सोडण्याचा हक्क आजही ठरावीक घरांना वहिवाटीने आहे. ती हिरवी फळे घोड्यांना आणि गुरांना विषारी ठरतात. डुकरे ती खाऊन टाकतात. ज्यांना लोक रानटी घोडे म्हणून पाहायला जातात, त्या प्रत्येक घोड्याला मालक आहे, आणि या सगळ्यावर देखरेख करणारे न्यायासनही आहे."

नानांच्या मुद्रेवर प्रथमच कुतूहल उमटले. "म्हणजे आपल्याकडचा निस्तार," ते म्हणाले. "कोरकूंच्या गावांना जळण, गवत आणि मोहफुले यांचा जो हक्क आम्ही दप्तरात नोंदवत असू, तोच. फरक एवढाच, की आमच्याकडे तो हक्क वर्षानुवर्षे आकुंचित होत गेला, आणि त्यात माझ्याही सहीचे कागद आहेत. येथे तो टिकला असेल तर मला ते रान पाहण्यापूर्वी ती हक्काची सनद पाहायला आवडेल."

"टिकला, आणि त्या चराईनेच ते रान मोकळे, झुडपी आणि पाणथळ राहिले. सरे आणि डॉर्सेटमधल्या जांभळ्या हीथरच्या माळांचेही तसेच आहे. आजचा प्रवासी त्यांना आदिम भूमी समजतो, पण कांस्ययुगातल्या लोकांनी झाडे तोडली, पुढे शतकानुशतके गुरे चारली, सरपण आणि गवताची ढेकळे नेली, म्हणून ते माळ झाले. या देशात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूळच्या जाती अवघ्या ६, आणि त्या साऱ्या या माळांवर आढळतात, कारण तेथे उघडी वाळू आहे, ऊन आहे. चराई थांबवा, आणि पाहता पाहता बर्च आणि पाइन चढतात. वाळूतला सरडा सावलीत टिकत नाही."

यानंतर तिने जी हकिकत सांगितली ती मला या साऱ्या संवादाचा कणा वाटते. इंग्लंडच्या दक्षिण आणि नैर्ऋत्य भागात 'लार्ज ब्लू' नावाचे निळे फुलपाखरू पूर्वी असे. संग्राहक त्याच्यामागे लागले, त्याची संख्या घटली, आणि सद्भावनेच्या माणसांनी काही ठिकाणी त्याच्या जागांना कुंपणे घातली, म्हणजे संग्राहकही येऊ नयेत आणि गुरांनी ती भूमी तुडवूही नये. फुलपाखरू तरीही नाहीसे होत गेले. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने अनेक ऋतू त्याच्या शेवटच्या वसाहतींवर काढले तेव्हा कारण कळले. या फुलपाखराची अळी थोडे दिवस रानथाइमच्या फुलांवर राहते, मग जमिनीवर पडते, आणि एका विशिष्ट जातीची तांबडी मुंगी तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेते; तेथे ती मुंग्यांची पिल्ले खाऊन वाढते. ती मुंगी उबदार जमिनीत राहते, आणि गवत बोटभर वाढले की जमीन तिच्यासाठी फार थंड होते. कुंपण घातले, गुरे थांबली. पुढे १९५०च्या दशकात सशांवर मोठी साथ आली, तेही मेले. गवत वाढले, मुंगी गेली, आणि मुंगीमागून फुलपाखरू गेले. १९७९ साली ते या देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पुढे स्वीडनमधून ते पुन्हा आणण्यात आले, आणि आज ते ज्या उतारांवर उडते त्या उतारांवर गुरे कधी सोडावीत आणि कधी काढावीत हे ठरवून दिलेले असते.

"ज्यांनी कुंपण घातले त्यांचे प्रेम खरेच होते," शर्वरी म्हणाली. "परंतु त्या प्रेमाला ते गवत किती उंच असावे हे ठाऊक नव्हते. मामा, रोज गवताची उंची पाहणारा माणूस म्हणजेच माळी."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. वादात प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण पोटात घेतल्याशिवाय उत्तर न देण्याची त्यांची सवय मला ठाऊक आहे. मग ते बोलले ते सावकाश, परंतु कठोरपणे.

"तुझी ही गोष्ट खरी आहे, आणि मी ती विसरणार नाही. पण ती गोष्ट गुराख्याची आहे, उद्यानाची नाही. उद्यानाचा जो इतिहास मला ठाऊक आहे तो वेगळा. आमच्या साऱ्या जंगलांच्या काठांनी जी घाणेरी पसरली आहे, जिने चितळांची कुरणे गिळली, जी उपटण्यासाठी दर साली खात्याचा पैसा आणि मजुरांचे हात झिजतात, ती घाणेरी आली कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेचे फुलझाड म्हणून बागेत लावण्यासाठी हिंदुस्थानात आणली गेली. बागेच्या भिंतीला तिने जुमानले नाही. आणि येथेही तेच. पाँटिक ऱ्होडोडेंड्रॉन हे या देशातले नव्हे, ते बागांसाठी आणले, आणि आता ओकच्या रानात त्याच्या गर्द सावलीखाली दुसरे काही उगवत नाही. १८७६ साली एका जमीनदाराने आपल्या उपवनाची शोभा म्हणून अमेरिकेतली करडी खार सोडली. तिच्यामुळे येथली मूळची तांबडी खार दक्षिणेत जवळजवळ नामशेष झाली. आता ती पाहायची तर समुद्र ओलांडून वाइट बेटावर किंवा पूलच्या खाडीतल्या ब्राउनसी बेटावर जावे लागते. किऊच्या उद्यानात मी आपले पोपट पाहिले, गळ्याभोवती गुलाबी कंठी असलेले, मेळघाटात पाहतो तेच. क्षणभर आपले कोणी भेटल्याचा आनंद झाला, हे कबूल करतो. परंतु ते पिंजऱ्यातून सुटलेल्यांचे वंशज आहेत, आणि येथल्या पक्ष्यांच्या ढोल्या ते बळकावतात की काय, अशी येथल्या लोकांना चिंता आहे. उद्यान ही हौस आहे, आणि तिची किंमत रान मोजते."

या आक्षेपाला उडवाउडवीचे उत्तर शर्वरीने दिले नाही, याचा मला फार संतोष वाटला. "हे सर्व खरे आहे," ती म्हणाली, "आणि माझ्या धंद्याने ते कबूल केलेच पाहिजे. हॉर्शमजवळच्या लिओनार्ड्सलीला मी तुम्हाला नेणार आहे. तेथल्या दरीत मे महिन्यात जो रंगांचा कल्लोळ असतो तो तुमच्या हिमालयातला आहे. जोसेफ हूकर १८४८ पासून काही वर्षे सिक्कीम आणि त्याच्या आसपास हिंडला, त्याने धाडलेल्या बियांपासून या परगण्यांतल्या बागांचा चेहरा बदलला. तेथे गवतावर ऑस्ट्रेलियातले वॉलबीही चरतात. ते सुंदर आहे, परंतु ससेक्सचे रान पाहायला आलेल्याने तेथे जाऊन ते पाहिले असे म्हणू नये. मात्र एक पाहा. ऱ्होडोडेंड्रॉनच्या शेकडो जाती येथे आल्या, आणि रानात घुसली ती मुख्यतः एक. बाहेरून आलेले सारेच आक्रमक नसते. आणि 'मूळचे' म्हणताना आपण काळाची रेघ कोठे ओढतो? ससा आणि ठिपक्यांचे फॅलो हरीण हे नॉर्मनांच्या काळापासून येथे बहरले. आज कित्येक ठिकाणी त्या सशाच्या दातांवाचून खडूच्या टेकडीवरची ऑर्किडे जगत नाहीत."

"पण तुझ्या बागेत मला दिसणार काय?" नानांनी विचारले.

"ग्रेट डिक्स्टर," ती ताबडतोब उत्तरली, आणि त्या एका नावाने तिचा आवाज बदलला.

ईस्ट ससेक्समधील नॉर्थियम गावच्या या वाड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. नॅथॅनिएल लॉइड यांनी १९१० साली हे पंधराव्या शतकातील लाकडी घर घेतले, एडविन लट्येन्स या वास्तुविशारदाकडून ते वाढवले, आणि पुढे त्यांचे पुत्र क्रिस्टोफर लॉइड यांनी २००६ साली देह ठेवीपर्यंत, म्हणजे आपले जवळजवळ सारे आयुष्य, तेथल्या बागेला दिले. घरासमोर जेथे इतर कोणीही कातरलेली हिरवळ ठेवली असती तेथे त्यांच्या मातोश्रींच्या वेळेपासून फुलांचे कुरण आहे, आणि त्यात मे-जूनमध्ये ऑर्किडे उभी राहतात. बियाणे पडून गेल्यावर, साधारण ऑगस्टात, त्याची कापणी होते. कापलेले गवत उचलून नेतात, कारण ते तेथेच कुजले तर जमीन सकस होते, आणि सकस जमिनीत दांडगे गवत नाजूक फुलांना मारते. एवढ्याशा गोष्टीत किती निरीक्षण साठलेले आहे!

शर्वरी सांगत होती: "काही वर्षांपूर्वी तेथे प्राणी आणि वनस्पती यांची पद्धतशीर मोजदाद झाली. तज्ज्ञांना वाटले होते की जुने रान आणि कुरणे सर्वांत समृद्ध निघतील. नोंदल्या गेलेल्या जाती दोन हजारांहून अधिक भरल्या, आणि सर्वांत समृद्ध निघाली ती फुलांची बाग. याचे कारण चमत्कार नाही. सभोवतालच्या शेतात एकच पीक, एकाच उंचीचे, एकाच वेळी फुलणारे. रानात वसंतात ब्लूबेल फुलतात, मग पाने दाटली की सावली. बागेत मात्र हिवाळा सरल्यापासून दिवाळीपर्यंत काही ना काही फुललेले असते, मधमाशीला कोणत्याही महिन्यात उपास पडत नाही. जुन्या भिंतींत फटी आहेत, त्यांत एकएकट्या राहणाऱ्या माश्या घरे करतात. तळी आहेत, कुजणारी लाकडे आहेत, उघडी माती आहे, आणि थंडीत वाळलेले दांडे कापत नाहीत, म्हणून किड्यांना निवारा आणि पक्ष्यांना बी मिळते. त्या वाटिकेत आमच्यासारखे माळी रोज मातीत हात घालतात, विष मात्र वापरत नाहीत. कुंपणाच्या फळीला तळाशी १३ सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडले, तर हेजहॉग एका बागेतून दुसऱ्या बागेत रात्रीचा जाऊ शकतो. एका रात्रीत तो मैलभर फिरतो, मामा. एका घराची बाग त्याला पुरत नाही, त्याला आळीच हवी."

"माश्या आणि किडे," नाना म्हणाले. त्या शब्दांत तुच्छता नव्हती, पण निराशा होती. "मोठे काही नाही?"

"मोठे पाहण्याची सवय हीच आपली अडचण आहे," शर्वरी म्हणाली. "तुम्ही सेल्बर्नला चला."

सेल्बर्नला आम्ही गेलो, आणि माझ्या मते दक्षिण इंग्लंडला जाणाऱ्या प्रत्येकाने, बाकी सारे वगळले तरी, हॅम्पशायरमधील या खेड्यात एक दिवस काढावा. गिल्बर्ट व्हाइट हा धर्मोपदेशक येथे १७२० साली जन्मला आणि १७९३ साली येथेच वारला. 'द वेक्स' हे त्याचे घर, मागे त्याची बाग, बागेच्या टोकाला खंदकाचे गुप्त कुंपण, जेणेकरून गुरे आत येऊ नयेत पण दृष्टी अडू नये, त्यापलीकडे कुरण, आणि कुरणामागे बीच वृक्षांनी झाकलेला उभा चढ, ज्यावर त्याने आणि त्याच्या भावाने १७५३ साली नागमोडी वाट खोदली. आजही त्या वाटेने चढता येते. १७५१ पासून तो बागेची रोजनिशी लिहीत असे: काकड्या केव्हा पेरल्या, खरबुजांच्या वाफ्याला किती गाड्या शेणखत घातले, थंडी केव्हा पडली. पुढे त्याच वहीच्या सवयीतून पाकोळ्या केव्हा आल्या, केव्हा गेल्या, हेही लिहिले जाऊ लागले. एकसारख्या दिसणाऱ्या तीन वटवट्यांना केवळ त्यांच्या आवाजावरून त्याने तीन निराळ्या जाती म्हणून ओळखले. शेतातला इवलासा हार्वेस्ट माउस त्यानेच प्रथम या देशाच्या नोंदीत आणला. गांडुळांवाचून माती निकामी होईल हे त्याने १७७७ च्या पत्रात लिहिले, डार्विनचे गांडुळांवरील पुस्तक १८८१ साली येण्याच्या शंभर वर्षे आधी. त्याच्या आत्याकडून वारशाने आलेले टिमथी नावाचे कासव त्याच्या बागेत फिरत असे, आणि ते थंडीसाठी जमिनीत केव्हा पुरून घेते हेही तो तारीखवार टिपे. शीर्षकपृष्ठावर १७८९ हे साल असलेले त्याचे सेल्बर्नवरील पुस्तक आजवर सतत वाचले जात आहे. त्याने दूरचे प्रवास केले नाहीत. ज्या माणसाला खरबुजांची काळजी होती त्यालाच पाकोळ्यांची होती, आणि त्या दोन काळज्यांच्या मध्ये त्याने भिंत घातली नव्हती.

नाना त्या खंदकाच्या काठावर उभे राहून फार वेळ पाहत होते. "हा माणूस माझ्या खात्यात असता तर मी त्याला बढती दिली असती," ते म्हणाले, आणि ते त्यांनी गंभीरपणेच म्हटले. "रोजची नोंद! आम्ही वाघ मोजले, साग मोजले. पहिल्या पावसाचा बेडूक कोणत्या तारखेला ओरडला याची नोंद माझ्या एकाही दप्तरात नाही, आणि आज ती असती तर ऋतू किती सरकले ते सांगता आले असते."

तरी वाद संपला नव्हता. किंबहुना नानांचा सर्वांत बळकट मुद्दा अजून यायचाच होता, आणि तो त्यांना वेस्ट ससेक्समधील नेप येथे सापडला. तेथील मालकांनी २००१ च्या सुमारास ३,५०० एकर चिकणमातीच्या जमिनीवरची तोट्याची शेती टप्प्याटप्प्याने सोडून दिली, आतली कुंपणे काढली, आणि लांब शिंगांची जुन्या जातीची गुरे, एक्समूर घोडे, टॅमवर्थ डुकरे आणि हरणे मोकळी सोडली. शेताच्या बांधांतून ब्लॅकथॉर्न आणि हॉथॉर्नची काटेरी जाळी पसरली, ओल्या जागी सॅलो विलो उगवले. त्या विलोंवर अंडी घालणारे 'पर्पल एम्परर' हे दुर्मीळ फुलपाखरू तेथे इतके वाढले की त्याची देशातली सर्वांत मोठी वसाहत तेथे आहे. २०२० साली पांढऱ्या करकोच्यांनी तेथे ओकच्या शेंड्यावर घरटे करून पिल्ले काढली. या देशात कित्येक शतकांत असे घडले नव्हते. त्या काटेरी जाळीत आम्ही रात्री नाइटिंगेल ऐकला. एप्रिलच्या मध्यास तो पश्चिम आफ्रिकेतून येतो, जून लागला की त्याचे गाणे थांबते, आणि गेल्या पन्नास वर्षांत त्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली आहे.

"आता सांग," नाना म्हणाले. "या पक्ष्याला हवी आहे ती जाळी: खाली जमिनीपर्यंत दाट, आत पोकळ, काटेरी, कुरूप. तुझा कोणता माळी ती वाढू देईल? कोणत्या उद्यानाच्या विश्वस्तांना ती पाहवेल? बागेत माशीला जागा आहे, हे मी मान्य केले. परंतु जो जीव मनुष्याच्या नीटनेटकेपणाच्या बाहेरच जगू शकतो, त्याच्यासाठी कोणीतरी हात आवरला पाहिजे. हात आवरणे हे हात फिरवण्याहून कठीण आहे. हे मी आयुष्यभर कनिष्ठांना सांगत आलो, की काही कूप असे असतात जेथे काहीही न करणे हीच तुमची कामगिरी."

माझा स्वतःचा कल बहुतांशी शर्वरीच्या बाजूने आहे, परंतु या ठिकाणी नाना जिंकले असे मला वाटते, आणि तिलाही वाटले. "जाळीच्या बाबतीत मी हरले," ती म्हणाली. "एवढेच पुढे सांगते, की कोणती जनावरे सोडावीत आणि किती, हे तेथेही कोणीतरी ठरवतेच, नाहीतर शंभर वर्षांत सारे गर्द रान होईल आणि नाइटिंगेल तेथूनही जाईल. आणि त्याच लोकांनी घराजवळच्या जुन्या भिंतबंद बागेत काय केले ते पाहिलेत ना? क्रोकेच्या हिरवळीवर वाळू आणि फोडलेल्या काँक्रीटचा चुरा टाकून त्यांनी उंचसखल, निकस जमीन तयार केली. बाहेर डुकरे जी उलथापालथ करतात ती आत माळी करतात. बाहेरचा धडा त्यांनी कुंपणाच्या आत आणला."

लिंगफील्डजवळ मूळच्या ब्रिटिश प्राण्यांचे जे केंद्र आहे, जेथे पाणमांजर, पोलकॅट, बॅजर आणि तांबडी खार बंदिस्त आवारात पाहता येतात, त्याविषयी दोघांचे एकमत होते: मुलांना घेऊन अवश्य जावे, त्या चेहऱ्यांची ओळख करून घ्यावी, आणि मग नदीकाठी निराश होण्याची तयारी ठेवून बसावे.

एका गोष्टीने मात्र नाना निःसंशय हर्षित झाले, आणि ती म्हणजे या देशाच्या सार्वजनिक पायवाटा. खाजगी शेतांतून, जमीनदारांच्या उपवनांतून, नेपच्याही मधून, कायद्याने राखलेल्या वाटा जातात, आणि त्यांवरून चालण्याचा कोणाचाही हक्क मालकाला नाकारता येत नाही. त्याच भावनेचे दुसरे रूप म्हणजे 'नॅशनल गार्डन स्कीम' ही खाजगी बागांची योजना. १९२७ साली परिचारिकांच्या निधीसाठी ६०९ खाजगी बागा एका शिलिंगच्या प्रवेशमूल्यावर लोकांना खुल्या झाल्या, आणि ती प्रथा आजही हजारो घरांनी चालू ठेवली आहे. मोठ्या घराण्यांच्या वैभवाहून मला या छोट्या, घरामागच्या बागांत अधिक शिकता आले. तेथे प्रश्न विचारला तर ज्याने खड्डा खणला तोच उत्तर देतो, आणि चहाबरोबर घरचा केकही मिळतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी नानांनी आपली शेवटची तक्रार मांडली, आणि ती तक्रार होती म्हणूनच मला वाटते की ते उद्यानांच्या विरुद्ध राहिले नव्हते. "मे महिन्यात येथे सूर्य पहाटे पाचला उगवतो आणि रात्री पावणेनऊला मावळतो," ते म्हणाले. "तुमची फाटके सकाळी दहा-अकराला उघडतात आणि सायंकाळी पाच-साडेपाचला बंद होतात. पक्षी गातात ते तुम्ही उघडण्यापूर्वी. वटवाघळे, पतंग, हेजहॉग आणि बॅजर बाहेर पडतात ते तुम्ही बंद केल्यावर. बागेत दोन हजार जाती आहेत म्हणता, आणि त्यांतल्या निम्म्या तुम्ही तिकीट घेणाऱ्यापासून लपवून ठेवता."

"विश्वस्त म्हणतील, त्या वेळी फाटकावर माणूस लागतो, विमा लागतो, अंधारात कोणी तळ्यात पडले तर जबाबदारी कोणाची?"

"आमच्या मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणी बांधून गणना करायचे. शहरातली माणसे अर्ज करून येत, रात्रभर गप्प बसत, आणि पहाटे आपापला तक्ता भरून देत. अस्वले आणि बिबटे असलेल्या रानात हे जमले, तर कातरलेल्या कुंपणांच्या बागेत का जमू नये? वीस माणसे, पाच जागा, प्रत्येक जागी एक माळी. तळ्यावर एक, कुरणाच्या कडेला एक, जुन्या भिंतीपाशी एक. कोणी बोलायचे नाही. सकाळी पतंगांचा दिव्याचा सापळा सर्वांसमक्ष उघडायचा, नोंद करायची, सोडून द्यायचे."

शर्वरीने कागद ओढून घेतला आणि जागा लिहायला सुरुवात केली. तळ्याची जागा तिला पसंत होती. भिंतीऐवजी तिने खताच्या ढिगाऱ्याची जागा सुचवली, कारण बिनविषारी ग्रास स्नेक त्या उबेत अंडी घालतो आणि पहाटे उन्हाला बाहेर येतो. नानांनी विचारले की तो ढिगारा जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांना वास येतो म्हणून हलवणार तर नाहीत ना. ती म्हणाली, यंदा तसा बेत होता खरा, आणि विश्वस्तांकडे द्यायच्या अर्जाच्या पहिल्याच कलमात तो रद्द करण्याची मागणी घालू.